परवडणारं व्हाइटनिंग आणि दवाखान्यात येणारे नवे रुग्ण: ठाणे-नवी मुंबईतल्या दंतवैद्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यात, घोडबंदर रोडला, कोपरखैरण्यात किंवा खारघरला नव्याने दवाखाना थाटलेले तरुण सहकारी भेटले की व्हाइटनिंगचा, म्हणजे दात पांढरे करून देण्याचा, विषय निघतोच. भाडं चढं, एकाच रस्त्यावर चार पाट्या, आणि खुर्ची दुपारभर रिकामी. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, की व्हाइटनिंग स्वस्त कर, लोक येतील. त्यावर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

व्हाइटनिंग स्वस्त ठेवलं तर खरंच नवे रुग्ण येतात का?

येतात. काही दुखत नसताना दंतवैद्याची पायरी चढणारा माणूस आपल्याकडे विरळा. दाढ ठणकते, लवंग ठेवून होते, मेडिकलमधून गोळी आणून होते, रात्र जागून निघते, तेव्हा कुठे डॉक्टर आठवतो. पिवळे दात ही मात्र अशी तक्रार आहे की तिच्यासाठी माणूस काही दुखत नसतानाही येतो, आणि स्वतःहून येतो. व्हाइटनिंगचं खरं मोल मला इथेच दिसतं. वेदना नसलेला, घाई नसलेला माणूस तुमच्यासमोर तोंड उघडून बसलेला असतो. त्याच्या दाढांमधली सुरुवातीची कीड, हिरड्यांतून येणारं रक्त, गालाच्या आतला चट्टा हे सगळं वेळेत दिसण्याची ही संधी असते.

ती संधी घ्यायची नसेल तर स्वस्त व्हाइटनिंग करूच नये. फक्त दात पांढरे करणारं जेल लावून पाठवलेला माणूस पुढच्या वेळी त्याहून स्वस्त दवाखाना शोधतो. ज्याचं तोंड नीट तपासलं आणि ज्याला खरं काय ते सांगितलं, तो सहा महिन्यांनी आईला घेऊन येतो. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: दर झेपेल तेवढा कमी ठेवा, तपासणीत काटछाट करू नका.

यासाठी नेमके कोण लोक येतात?

लग्न ठरलेली मुलंमुली सर्वांत जास्त. तुळशीचं लग्न उरकलं की लग्नसराई सुरू होते, आणि त्याच्या आधी महिना-दीड महिना चौकशा वाढतात. मग ऐरोलीच्या आयटी पार्कमधली आणि घोडबंदरच्या मोठ्या संकुलांमधली नोकरदार मंडळी. दिवसाला पाच-सहा वेळा चहा-कॉफी आणि सतत व्हिडिओ मीटिंगमध्ये स्वतःचाच चेहरा समोर.

तिसरा गट कुणाच्या हिशेबात नसतो. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले माथाडी कामगार, वागळे इस्टेटच्या वर्कशॉपमधले कारागीर, रिक्षावाले दादा. यांचे दात तंबाखूने आणि गुटख्याने काळवंडलेले असतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडं तपासली की तो अजून खाल्ला जातो हे कळतं. आणि मिश्री लावणाऱ्या मावशी, आजी. मुलीच्या लग्नात फोटोत दात काळे दिसू नयेत म्हणून त्या लाजत लाजत विचारतात. परवडणारा दर ठेवायचा तो खरं तर या तिसऱ्या गटासाठी, कारण तपासणीची सर्वांत जास्त गरज त्यांना आहे आणि पैशाच्या भीतीने सर्वांत उशिरा तेच येतात.

आधी क्लीनिंग करावं की थेट व्हाइटनिंग?

आधी क्लीनिंग, नेहमीच. चहा, तंबाखू, पानातला कात, मिश्री यांचे डाग दाताच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आणि किटणावर बसलेले असतात. स्केलिंग (किटण खरवडणं) आणि पॉलिशिंग झालं की ते बऱ्याच अंशी निघतात. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या खूप दिवस केल्याने आलेला तपकिरी थरही तसाच निघतो. क्लीनिंगनंतर रुग्णाच्या हातात आरसा द्या आणि थांबा. "डॉक्टर, एवढं पुरे आहे," असं पुष्कळ जण स्वतःच म्हणतात. त्यांना घरी जाऊ द्या. क्लीनिंगने जे साधलं त्याला व्हाइटनिंगचे पैसे लावणं चुकीचं आहे, आणि "दुसरीकडे व्हाइटनिंगचे सांगितले होते, इथे नुसत्या क्लीनिंगमध्ये काम झालं" हे वाक्य सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठल्याही फलकापेक्षा लांब जातं.

व्हाइटनिंगच्या जेलमधल्या पेरॉक्साइडचं काम दाताच्या आतल्या रंगावर असतं: वयाने आलेला पिवळेपणा, वर्षानुवर्षांच्या चहाचा आत मुरलेला रंग. किटणाच्या थरावर जेल लावलं तर ते खालच्या दातापर्यंत नीट पोहोचत नाही. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्यांवर तर ते लावूच नये. स्केलिंगनंतर हिरड्या बसायला आठवडाभर देऊन मग पुढचं ठरवावं.

जाहिरात करता येते का? "५० टक्के सूट, फक्त गणपतीपर्यंत" असा फलक लावला तर?

नाही, असा फलक लावू नका. भारतीय दंत परिषदेच्या २०१४ च्या सुधारित आचारसंहितेनुसार रुग्णांना थेट किंवा आडमार्गाने ओढणं अनैतिक मानलं आहे. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, डॉक्टर काही दिवस नाहीत, पुन्हा काम सुरू झालं, अशा ठरावीक प्रसंगी निवेदन देता येतं. आपले दर जाहीर करण्यालाही मुभा आहे. सवलतीची कूपनं, तीन हात नाक्यावरचं होर्डिंग, "ठाण्यातलं नंबर एक व्हाइटनिंग", एका भेटीत इतके शेड (दाताच्या रंगाच्या छटा) कमी करण्याची हमी, हे सगळं त्या मर्यादेबाहेर जातं. शेजारचा करतो म्हणून आपलं चालून जाईल असं समजू नका. तक्रार राज्य दंत परिषदेकडे जाते तेव्हा ज्याच्या नावाने जाते त्यालाच उत्तर द्यावं लागतं.

मग लोकांना कळणार कसं? दवाखान्यात, रिसेप्शनच्या मागे, मराठीत आणि मोठ्या अक्षरात दरफलक लावा. क्लीनिंग इतके, घरी वापरायच्या ट्रेचं (दातांवर बसणाऱ्या, जेल घालायच्या साच्याचं) व्हाइटनिंग इतके, खुर्चीवरचं इतके, आणि त्यात काय काय आलं हेही लिहा. मुलाची दाढ भरायला आलेली आई तो फलक वाचते. तुमचे जुने रुग्ण हाच तुमचा खरा प्रसार आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा ज्येष्ठ नागरिक संघात दातांच्या आरोग्यावर बोलायला बोलावलं तर जरूर जा, तासभर मनापासून बोला, प्रश्नांना उत्तरं द्या, आणि कूपन न वाटता परत या. बोलणं पटलं तर लोक पत्ता स्वतः विचारतात.

आधीचे-नंतरचे फोटो नोंदीसाठी काढावेत, लेखी संमती घेऊन. प्रचारासाठी ते इंटरनेटवर टाकू नयेत असं माझं ठाम मत आहे.

ब्युटी पार्लरने नवऱ्यामुली पाठवल्या तर कमिशन द्यावं का?

नाही. रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे देणं-घेणं आचारसंहितेत बसत नाही, आणि ते पैसे शेवटी नवरीच्याच बिलात चढतात. पार्लरवाल्या ताईंना एवढं जरूर सांगा, की लग्नाच्या आदल्या आठवड्यात पाठवू नका, दीड महिना आधी पाठवा.

दर किती ठेवावा?

शेजाऱ्याचा दर बघून त्यातून दोनशे वजा करू नका. आधी खुर्चीचा तासाचा खर्च काढा. समजा भाडं, पगार, वीज, मेंटेनन्स आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला १,२०,००० रुपये जातात, आणि खुर्ची दिवसाला ६ तास याप्रमाणे २५ दिवस, म्हणजे १५० तास वापरात असते. तासाचे ८०० रुपये झाले. खुर्चीवरच्या व्हाइटनिंगला तयारीसकट दीड तास धरला तर १,२०० रुपये नुसते वेळेचे, वर जेलचा किट, हिरडी झाकणारा बॅरियर, ओठ-गाल बाजूला धरणारं रिट्रॅक्टर. ट्रेच्या पद्धतीत माप घेणं, ट्रे बसवून बघणं आणि एक फेरतपासणी मिळून पाऊण तास, म्हणजे ६०० रुपये. वर मापाचं अल्जिनेट, मॉडेलचा स्टोन, ट्रेची शीट आणि जेलच्या सिरिंजा. आकडे तुमचे वेगळे असतील, रीत हीच ठेवा.

या हिशेबातून दिसतं, की परवडणारं व्हाइटनिंग म्हणजे बहुतेक वेळा ट्रेचं व्हाइटनिंग. रुग्णालाही ते स्वस्त पडतं आणि तुम्हालाही तोटा होत नाही. खर्चाच्या खाली दर नेला की कुठेतरी कात्री लागते, आणि ती बहुधा तपासणीला लागते किंवा मुदत संपत आलेलं जेल घेण्यात लागते. हे टाळायचं असेल तर दर प्रामाणिकपणे खर्चाच्या थोडा वर ठेवा आणि गरजूंना दोन हप्त्यांत पैसे देऊ द्या. माथाडी दादांना किंवा घरकाम करणाऱ्या ताईंना ती सोय कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

निळ्या लाइटचं मशीन घ्यावं का?

सुरुवातीला नको. एलईडी लाइटमुळे काही दिवसांनंतरचा निकाल अधिक चांगला होतो, असं एकत्रित अभ्यासांतून दिसत नाही. काम जेल करतं. लाइट आणि कोरडेपणा यांमुळे दातातलं पाणी कमी होतं, दात त्या क्षणी जास्त पांढरे दिसतात, आणि एक-दोन दिवसांत थोडे मागे येतात. रुग्णाला हे आधीच सांगून ठेवा. अंतिम शेड दोन आठवड्यांनी नोंदवा. मशीनच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की गरज नसलेल्या माणसालाही व्हाइटनिंग सुचवावंसं वाटू लागतं, हा माझा मोठा आक्षेप आहे. त्यापेक्षा शीट गरम करून मॉडेलवर ओढणारं साधं व्हॅक्युम मशीन घ्या. ते नाइट गार्ड आणि रिटेनरलाही लागतं.

ट्रेची पद्धत नीट कशी करावी?

१९८९ साली हेवूड आणि हायमन या अमेरिकी दंतवैद्यांनी ही रात्रीच्या ट्रेची पद्धत मांडली, आणि आजही सर्वांत विश्वासाची तीच आहे. जेल १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं. त्यातून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, म्हणजे खुर्चीवर वापरतात त्या २५ ते ४० टक्क्यांच्या तुलनेत फार सौम्य. वेळ जास्त लागतो, शेवटचा रंग जवळपास तिथेच पोहोचतो.

वरच्या-खालच्या जबड्याचं माप घ्या, मॉडेल ओता, साधारण १ मिलिमीटरच्या मऊ शीटचा ट्रे करा आणि कडा हिरडीच्या रेषेपाशी नीट कापा. काचणारी कड जिभेला दोन दिवसांत जखम करते. जेलचा बारीक ठिपका प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला पुरतो; ट्रे भरून जेल घातलं तर ते हिरडीवर येतं आणि पैसेही वाया जातात. हे रुग्णाला तोंडी सांगून भागत नाही, त्याच्याकडून समोर करवून घ्या.

साध्या पिवळेपणाला दोन ते सहा आठवडे धरा. तंबाखूच्या मुरलेल्या रंगाला एक ते तीन महिने लागू शकतात, आणि तंबाखू चालू असेल तर सुरूच करू नये. टेट्रासायक्लिन या औषधाने दातांवर आलेल्या राखाडी पट्ट्यांना सहा महिनेही लागतात, तरी हिरडीजवळचा भाग हट्टी राहतो. ही मुदत पहिल्या दिवशी कागदावर लिहून द्या.

जेल फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेलं जेल कमजोर होतं. शक्य तर उन्हाळ्यात साठा जवळच्या डीलरकडून थोडा थोडा घ्या.

रुग्ण म्हणतो, "थंड लागायला लागलं." काय करायचं?

बहुतेकांना थोडंफार लागतंच, आणि थांबवल्यावर काही दिवसांत जातं. एक दिवसाआड ट्रे लावायला सांगा, वेळ कमी करा. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट ट्रेमध्ये दहा ते तीस मिनिटं ठेवली की बऱ्याच जणांना आराम पडतो. ज्यांची मुळं उघडी आहेत किंवा ज्यांना आधीपासून थंड लागतं, त्यांना दोन आठवडे आधीच ही पेस्ट सुरू करून द्या. एकाच दाताला सणक जाते आणि थांबत नाही, अशी तक्रार असेल तर तो दात नीट तपासून बघा. कीड किंवा चीर निसटलेली असू शकते.

खुर्चीवर करताना हिरडी पांढरी पडली तर?

जेल लगेच शोषून घ्या, भरपूर पाण्याने धुवा, व्हिटॅमिन ई तेल लावा. वरवरचं असेल तर रंग काही तासांत ते एक-दोन दिवसांत परततो. हे होऊ नये म्हणून लाइट-क्युअर (लाइटने घट्ट होणारा) बॅरियर कोरड्या हिरडीवर, दाताच्या कडेवर किंचित चढवून लावावा. हे काम असिस्टंटवर सोडू नका.

नंतर हळद, चहा चालेल का?

आपल्याकडे हा प्रश्न फार व्यवहारी आहे, कारण वरणापासून भाजीपर्यंत सगळ्यात हळद. आठवडाभर कडक पथ्य पाळल्याने रंगात मोठा फरक पडतो असं अभ्यासांतून दिसत नाही. तरी खुर्चीवरच्या जोरकस जेलनंतर पहिले दोन दिवस सांभाळावेत, असं मी सांगतो. सोपा मार्ग म्हणजे उपवासाचं ताट: साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, दही. यात हळद नसते. शिवाय दहीभात, ताक, इडली. सोलकढी, बीट, काळा चहा, पान टाळावं. चहाशिवाय ज्यांचं डोकं चढतं त्यांनी तो दुधाचा घ्यावा आणि नंतर चूळ भरावी.

तपासताना गालात किंवा ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला तर व्हाइटनिंग करायचं का?

नाही. तिथेच थांबा. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फार कमी जण विचारतात.

डागांसाठी आलेल्या प्रत्येक माणसाचा तंबाखू, सुपारी, मिश्रीचा इतिहास विचारा, पण दरडावून नव्हे. "मावशी, मिश्री किती वर्षं लावता?" असं सरळ विचारलं की त्या सांगतात. मग गाल, ओठांच्या मागचा खळगा, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू क्रमाने बघा. गॉजने पुसूनही न जाणारा पांढरा किंवा लालसर चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मानेत गाठ, यांपैकी काहीही असलं तर बायोप्सीचा विचार लगेच. सुपारी-गुटखा खाणाऱ्याला त्याचीच तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. जात नसतील आणि तिखट झोंबत असेल, तर सबम्युकस फायब्रोसिसकडे, म्हणजे सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठर होण्याच्या आजाराकडे, लक्ष द्यायला हवं. अशा तोंडात नुसतं रिट्रॅक्टर बसवणंही त्रासाचं असतं.

आपल्या भागाचं भाग्य असं, की टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र खारघरला आहे. नवी मुंबईत नेरूळ, खारघर आणि कामोठ्याला दंत महाविद्यालयं आहेत, तिथे तोंडाच्या रोगांचा स्वतंत्र विभाग असतो. चिठ्ठी लिहून द्या, नातेवाइकाला बोलावून समजावून सांगा, आणि आठवड्याने फोन करून गेले की नाही विचारा. घाबरलेला माणूस चिठ्ठी खिशात ठेवून गप्प बसतो, म्हणून तो फोन हवाच. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक दरफलकाशेजारी लावून ठेवा.

दातांवर पांढरे-तपकिरी ठिपके आहेत, लहानपणापासून. व्हाइटनिंगने जातील?

गाव विचारा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे बालपण गेलेली बरीच मंडळी आता कळंबोली, घणसोलीत राहतात. अशा फ्लोराइडच्या डागांतला (फ्लोरोसिसमधला) तपकिरी रंग पेरॉक्साइडने फिका होतो, पांढरे ठिपके मात्र सुरुवातीला उलट उठून दिसतात. त्यांच्यासाठी मायक्रोअब्रेजन (वरचा पातळ थर घासून काढणं) किंवा रेझिन इन्फिल्ट्रेशनचा (ठिपक्यात पातळ रेझिन मुरवण्याचा) विचार करावा. हे न सांगता जेल लावलं तर रुग्ण दुसऱ्या दिवशी रडवेला होऊन येतो.

कोणाला स्पष्ट नाही म्हणावं?

१८ वर्षांखालील मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना, कीड न भरलेल्यांना, हिरड्यांचा आजार चालू असलेल्यांना. आणि ज्यांचे दात आधीच बी-१ या अगदी फिक्या शेडचे आहेत, तरी अजून हवं म्हणतात, त्यांनाही.

कॅप आणि सिमेंट पांढरे होतात का?

नाही होत. पुढच्या दातांत जुनं भरलेलं असेल तर व्हाइटनिंगनंतर ते वेगळं दिसेल आणि बदलावं लागेल, तो खर्च आधीच सांगा. नवीन काँपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) किमान एक, शक्यतो दोन आठवड्यांनी करा. दातात उरलेला ऑक्सिजन चिकटपणा कमी करतो.

जीएसटी लागतो का?

उपचारात्मक आरोग्यसेवेला सूट आहे. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियांना त्या सूटीतून वगळलं आहे. सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची मर्यादा जवळ आली असेल, तर व्हाइटनिंगचं बिल वेगळं ठेवा आणि सीएकडून लेखी मत घ्या.

मॉलमधल्या स्टॉलवर, पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन किटने करून आलेल्यांना काय सांगावं?

रागावू नका. नोंदणी नसलेल्या माणसाने दंतोपचार करणं १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये बसत नाही, आणि त्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली संमत झालेल्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यातही नाही, हे शांतपणे सांगा. युरोपीय महासंघात ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादनं ग्राहकाला थेट विकता येत नाहीत. ६ टक्क्यांपर्यंतची दंतवैद्यामार्फतच मिळतात. लिंबू-सोडा आणि कोळशाची पावडर यांनी दाताचं कवच झिजतं, आणि आतला पिवळा भाग अधिक दिसू लागतो.

किती टिकतं, आणि रुग्णाला पुन्हा कधी बोलवावं?

सवयींवर अवलंबून, साधारण एक ते तीन वर्षं. रुग्णाचा ट्रे त्याच्याकडेच राहू द्या; पुढे फक्त एखादी सिरिंज घेतली की दोन-चार रात्रींत रंग ताजा होतो. ही सिरिंज काउंटरवरून देऊ नका, खुर्चीवर बसवून तोंड बघून मगच द्या. शेड गाइडवरचा (रंगाच्या नमुनापट्टीवरचा) आधीचा आणि दोन आठवड्यांनंतरचा क्रमांक, जेलची टक्केवारी, बॅच आणि मुदत, थंड लागलं की नाही, तंबाखूबद्दल काय बोलणं झालं, एवढं कार्डावर लिहा. सहा महिन्यांनी क्लीनिंगसाठी बोलवा. तंबाखू-सुपारीवाल्यांना तीन महिन्यांनी, आणि त्या भेटीत फक्त तोंड बघायचं असेल तर पैसे घेऊ नका.